‘नारिंगी’ : व्युत्पत्ती, अर्थ आणि उपयोग

फळाच्या नावावरून रंगाचे नाव सिद्ध करण्याची प्रवृत्ती मराठीत रूढ आहे. डाळिंबापासून ‘डाळिंबी’, बदामापासून ‘बदामी’, जांभळापासून ‘जांभळा’ ही तिची परिचित उदाहरणे होत. ‘नारिंगी’ हा शब्दही याच वर्गातला. तथापि त्याची स्थिती काहीशी निराळी आहे. डाळिंब, बदाम व जांभूळ ही नामे आजही प्रचारात आहेत. ‘नारिंग’ हे नाम मात्र नित्य व्यवहारातून मागे पडले आहे. बाजारात फळ ‘संत्रे’ म्हणून विकले जाते आणि त्याच्या सालीचा रंग ‘नारिंगी’ म्हणून ओळखला जातो. फळाने टाकलेले नाव रंगाने जपले, असे म्हणावयास हरकत नाही.

‘नारंगी’ या पर्यायी रूपात ‘रंग’ हा शब्द ऐकू येतो. परंतु त्यावरून त्याची फोड करणे योग्य ठरणार नाही. संस्कृत ‘नारङ्ग’ हे रूप द्राविडी भाषांतून आले असावे, असे मत सामान्यतः ग्राह्य मानले जाते. तमिळमधील ‘नारत्तै’ आणि मलयाळममधील ‘नारङ्ङ’ हे लिंबूवर्गीय फळांचे वाचक शब्द या संदर्भात लक्षणीय आहेत. संस्कृत कोशांतील ‘नागरङ्ग’ हे रूप अपरिचित शब्दाला परिचित अर्थ देण्याच्या लोकप्रवृत्तीतून घडले असणे संभवते. हाच शब्द फारसी-अरबी ‘नारंज’मार्गे युरोपात गेला. स्पॅनिश ‘नारांखा’त आद्य ‘न’ टिकला. इटालियन व फ्रेंच रूपांत तो लोपला आणि तेथून इंग्रजी ‘ऑरेंज’ आला. इंग्रजीतही फळाचे नाव आधीचे. रंगवाचक उपयोग सोळाव्या शतकाच्या आरंभीचा आहे.

‘संत्रे’ या शब्दाचा संबंध पोर्तुगालमधील सिंत्रा या गावाशी जोडला जातो. परंतु 1530 साली निधन पावलेल्या बाबराच्या आत्मचरित्रात ‘संगतरा’ या फळाचे नारंजाहून वेगळे असे वर्णन आहे. पोर्तुगीज 1498 मध्ये भारतात आले, हे ध्यानात घेता ही व्युत्पत्ती सावधपणेच स्वीकारावी लागते.

उपयोगाच्या दृष्टीने ‘नारिंगी’ची तुलना समीपवर्ती शब्दांशी करणे उद्‌बोधक ठरते. ‘केशरी’चा आधार केशर; राष्ट्रध्वजाविषयीच्या 22 जुलै 1947 च्या संविधान सभेच्या ठरावात याच शब्दाचे ‘केसरी’ हे रूप आहे. 1881 साली सुरू झालेल्या ‘केसरी’ पत्राच्या नावाचा अर्थ मात्र ‘सिंह’. ‘शेंदरी’ म्हणताच मारुतीची मूर्ती डोळ्यांसमोर येते. ‘भगवा’ संन्याशाच्या वस्त्राशी, वारकऱ्यांच्या पताकेशी आणि मराठ्यांच्या झेंड्याशी निगडित आहे. ‘नारिंगी’ला असा कोणताही सांस्कृतिक भार नाही, म्हणूनच चित्रकलेच्या रंगपेटीत वा कापडाच्या दुकानात तो निःसंकोच चालतो. व्याकरणातही भेद आहे : ‘भगवा झेंडा’, ‘भगवी पताका’, ‘भगवे वस्त्र’ असा लिंगानुसार विकार होतो, ‘नारिंगी’ तिन्ही लिंगांत अविकृत राहतो.

यावरून स्पष्ट होते की, या चार शब्दांना केवळ समानार्थी ठरवणारी कोशनोंद अपुरी आहे. छटा जवळची असली तरी प्रत्येक शब्दामागील वस्तू निराळी आहे. भाषांतरकाराने ‘ऑरेंज’साठी सरसकट ‘भगवा’ योजल्यास मूळ मजकुरात नसलेला अर्थ मराठीत येतो. आणि ‘भगव्या’च्या जागी ‘नारिंगी’ घातल्यास असलेला अर्थ नाहीसा होतो.