क्रिएट तेवढं नको

चि. ओंकार,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. “तो म्हणतो, सगळं नव्याने बनवलं की येईल परत,” एवढंच ती म्हणाली आणि माझी झोप उडाली. नव्याने बनवणं म्हणजे डिस्कचा रेड बांधणाऱ्या एमडीएडीएमचं ‘क्रिएट’, हे तिला कळायचं कारण नाही. मला कळतं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा मेल. ती कमांड दिली असशील तर पुढचं वाचत बसू नकोस. आधी मशीन बंद कर.

चार डिस्कच्या रेड-5 ला पाचवी जोडायला निघालास, तेही यूपीएसची बॅटरी मेलेली असताना आणि दुसरी प्रत कुठेच नसताना! एक डिस्क गेली तरी निभावतं, म्हणजे बॅकअप झाला असं तुला सांगितलं तरी कोणी? इंजिनिअर ना रे तू?

नीट ऐक. वीज गेली तेव्हा रीशेप अर्ध्यात होता. म्हणजे सुरुवातीचा डेटा आता पाच डिस्कवर पसरलाय आणि उरलेला अजून जुन्या चारांच्याच मांडणीत आहे. ही सीमा कुठे आहे ते प्रत्येक डिस्कच्या कपाळावर, सुपरब्लॉकमध्ये, लिहिलेलं असतं. 1.2 मेटाडेटा असेल तर डिस्कच्या सुरुवातीपासून 4 केबीवर. क्रिएट केलंस की ते लिखित पुसलं जातं. मग सगळीच मांडणी एकसारखी धरली जाते, आणि चार म्हण नाहीतर पाच, एक भाग खिचडीच होणार. त्यातून ‘अझ्युम-क्लीन’ विसरलास, तर शेवटची डिस्क आपोआप नव्याने भरायला लागते. तिच्यावरचं मग कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

आधी प्रत्येक डिस्कचं ‘एक्झामिन’ कर आणि ते सगळं पेनड्राइव्हवर जपून ठेव. इव्हेंट्सचा आकडा, रीशेप पोझिशन, डिव्हाइस रोल, डेटा ऑफसेट. कुठली केबल कुठे होती तेही लिही. रीबूटनंतर एसडीबीची एसडीसी होऊ शकते. मागे पडलेल्या डिस्कचे इव्हेंट्स थोडेच कमी असतील तर ‘असेंबल’ला ‘फोर्स’ देऊन ॲरे उभा राहतो. बॅकअप फाइल मागितली तरी घाबरू नकोस. डिस्क वाढवताना ती फक्त अगदी सुरुवातीच्या पट्ट्यांपुरती लागते, आणि तू त्याच्या कितीतरी पुढे गेला होतास. पण यातलं काहीही मूळ डिस्कवर करायचं नाही. डिव्हाइस मॅपरचे स्नॅपशॉट लाव, म्हणजे लिहिलं जाईल ते बाजूच्या फाइलमध्ये जाईल आणि डिस्कला धक्का लागणार नाही. कुठली डिस्क कुरकुरत असेल तर आधी डीडीरेस्क्यूने तिची नक्कल. एफएससीके चालवलंसच तर ‘-एन’ लावून, नुसतं बघण्यापुरतं. आणि क्रिएट नाही. स्नॅपशॉटवरसुद्धा, मी शेजारी असल्याशिवाय नाही.

रागावलो, कारण त्या डिस्कवर आमच्या अण्णांची कीर्तनं आहेत. तुला वाटत असेल, मामाला कीर्तनाचं कधीपासून? खरंच नव्हतं. रामनवमीला अण्णा उभे राहायचे तेव्हा मी पुण्यात, कंपनीच्या मशीन रूममध्ये टेपा बदलत बसलेलो. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी येतो. तुझी आई पहिल्या रांगेत बसून ऐकायची. मी त्यांचा पूर्वरंगसुद्धा समोर बसून धड ऐकलेला नाही. जे ऐकलं ते तू पाठवलेल्या फाइलींतून, हेडफोन लावून, ते गेल्यावर.

2019 च्या पुरात सांगलीच्या घरातल्या कॅसेटी गेल्या तेव्हा सगळे गप्प बसले होते. “माझ्याकडे कॉपी आहेत,” एवढं तूच म्हणालास. सुट्टी घालवून एकेक कॅसेट तू उतरवून घेतली होतीस आणि आम्ही त्यावरून तुझी थट्टा करत होतो. ज्याने वाचवलं त्याच्यावरच मी ओरडतोय. आई म्हणते तू जेवत नाहीस, खोलीचं दार लावून बसतोस. असं नको करूस. अजून काही गेलेलं नाही, आणि गेलंच तर तुला कोणी काही बोलणार नाही. बोललं तर माझ्याशी गाठ आहे.

शनिवारी सकाळी येतो. दोन रिकाम्या डिस्क आणि माझा जुना यूपीएस आणतोय. ‘एक्झामिन’ तेवढं करून ठेव, बाकीचं मी आल्यावर. तोवर मशीन बंद, आणि तू झोप काढ. आईला सांग, मामा आमटी-भात खाईल, वेगळं काही करू नकोस. आणि फोन उचल रे बाबा, रेडविषयी एक शब्द काढणार नाही.

तुझा,
मामा