निवृत्त गुरुजी आणि म्हातारपणाचे हक्क

महाराष्ट्रात शाळेतला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. हारतुरे होतात. शाल मिळते, नारळ मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. घंटा नाही, फळा नाही, पोरांचा गलका नाही. मग तो पारावर जाऊन बसतो. वर्तमानपत्र वाचतो आणि जग कसे बिघडले ते सर्वांना सांगतो. असे शिक्षक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आम्हीही शिक्षकच, म्हणून हे बोलायला हरकत नाही.

पण शिक्षकाजवळ दोन गोष्टी असतात. निवृत्त झाला म्हणून त्या कोणी काढून घेत नाही. कागद वाचून त्याचा अर्थ सांगणे, ही एक. एकच गोष्ट न चिडता दहा वेळा सांगणे, ही दुसरी. गावात या दोन्ही गोष्टींची गरज सर्वांत जास्त कोणाला असते? म्हाताऱ्या माणसांना. म्हणून आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी ठरवले, की पारावर बसण्यापेक्षा हे काम करावे.

सुरुवात व्यायामापासून केली. सकाळी शाळा भरण्यापूर्वी मैदान मोकळे असते. तिथे आम्ही म्हाताऱ्या मंडळींना जमवतो. आधी सर्वांनी मैदानाला फेऱ्या घालायच्या. ज्याला जेवढे झेपेल तेवढे. मग खांदे, मान, मनगटे फिरवायची. मग बाकावर बसायचे आणि हाताचा टेकू न घेता उठायचे, असे दहा वेळा. शेवटी भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहायचे. पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आता त्याच सर्वांच्या आधी येतात.

एका पायावर उभे राहण्याने काय होते, असे कोणी विचारील. म्हातारपणी पडणे फार वाईट. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. पायांत बळ असेल आणि तोल सांभाळता येत असेल, तर पडण्याची भीती कमी होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की म्हाताऱ्या माणसांनीही आठवड्यात निदान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. "आम्ही जन्मभर शेतात राबलो, आम्हाला कशाला व्यायाम?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण राबणे थांबले की बळही ओसरू लागते. ज्याला छातीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाचा आणखी एक उपयोग झाला. तो आमच्या ध्यानीमनी नव्हता. घरात जे बोलता येत नाही, ते माणूस चालता चालता बोलतो. समोर बसवून विचारले तर सांगणार नाही. बरोबर चालणाऱ्याला सांगतो, कारण तोंडाकडे बघावे लागत नाही.

असेच एकदा एक आबा हळूच म्हणाले, "गुरुजी, उद्या तालुक्याला जायचंय. पोरं म्हणतात, जमीन आत्ताच नावावर करून टाका. मागून कटकट नको."

आम्ही विचारले, "कागद कसला आहे, आबा?"

"बक्षीसपत्र म्हणतात."

"तुम्ही वाचलं का?"

"मला कुठं वाचता येतंय? पोरांनी वाचलंय की."

"तुमच्या जेवणाखाण्याचं, औषधपाण्याचं त्यात काही लिहिलंय का?"

आबांना हसू आले. "असं कुणी लिहून घेतं का, गुरुजी? पोटची पोरं आहेत."

वाचकहो, इथे थोडे थांबा. हा मुद्दा नीट समजून घ्या. बक्षीसपत्र म्हणजे पैसे न घेता मालमत्ता देण्याचा दस्त. जमिनीचे किंवा घराचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. एकदा ते झाले, की मालमत्ता दुसऱ्याची झाली. पुढे मन बदलले म्हणून ते फाडून टाकता येत नाही.

पण २००७ साली आपल्या देशात एक कायदा झाला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा हा कायदा आहे. ज्याला ६० वर्षे पूर्ण झाली, तो ज्येष्ठ नागरिक. या कायद्याचे २३ वे कलम असे, की ज्येष्ठ नागरिकाने 'माझा सांभाळ करावा' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर तो दस्त रद्द करून घेता येतो. अट मात्र घातलेली हवी. ती नाही म्हणून दस्त रद्द होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका खटल्यात दिला. उलट २ जानेवारी २०२५ च्या एका निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मालमत्ता परत मिळाली. तिने मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. पण 'आईचा सांभाळ करीन' असे मुलाकडून वेगळ्या कागदावर लिहून घेतले होते. तो कागद तिच्या कामी आला.

एका ओळीत एवढे बळ आहे. ती ओळ लिहायला लाज कसली? शेजाऱ्याने हातउसने पाच हजार नेले, तर आपण वहीत टिपून ठेवतो. म्हणून शेजारी चोर ठरत नाही. मुलगा चांगला असेल, तर त्या ओळीने त्याचे काही बिघडत नाही. आमच्या मते बहुतेक मुले चांगलीच असतात. पण कागद चांगल्या दिवसांसाठी करायचा नसतो.

आबांनी तालुक्याला जाणे आठ दिवस पुढे ढकलले. थोरला मुलगा आमच्यावर रागावला. "गुरुजी, तुम्ही घरात भांडणं लावता," असे तोंडावर म्हणाला. धाकटा मात्र म्हणाला, "घाला की ओळ. दोन घास तर द्यायचेच आहेत." दस्त पुन्हा लिहिला. आम्ही तो आबांना मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. शेतजमीन त्यांनी दिली. राहते घर मात्र स्वतःच्याच नावावर ठेवले, आणि ते त्यांच्या मनाने. थोरला अजून आम्हाला रामराम घालत नाही. चालायचेच.

दुसरा मार्ग मृत्युपत्राचा आहे. मृत्युपत्र केले तर माणूस जिवंत असेपर्यंत मालमत्ता त्याच्याच नावावर राहते. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही, पण केलेली बरी. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. विचाराल तर आमचा कल याच मार्गाकडे आहे.

ज्यांचे आधीच सगळे देऊन झाले आहे आणि आता घरात कोणी भाकर विचारत नाही, त्यांनी काय करावे? त्याच कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागता येते. मुलगाच नव्हे, मुलगीही जबाबदार आहे. ही रक्कम महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत ठरवता येते. अर्ज प्रांतसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, करायचा. वकील लावावा लागत नाही. आधी समेटाचा प्रयत्न होऊ शकतो. मुलाला नोटीस गेली, की साधारण ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. आणि ज्याला स्वतः अर्ज करणे शक्य नाही, त्याने अधिकार दिला तर दुसरा माणूस त्याच्या वतीने अर्ज करू शकतो. निवृत्त शिक्षकाचे काम नेमके इथे लागते. अर्ज लिहायचा, तो वाचून दाखवायचा, मगच सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तारखेला बरोबर जायचे. म्हातारे माणूस कचेरीच्या दारात एकटे उभे राहिले, की त्याला अर्धा आजार तिथेच होतो.

मुलाविरुद्ध अर्ज करायला आईचे मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. कितीतरी आया म्हणतात, "राहू द्या गुरुजी, लोक काय म्हणतील?" आम्ही जबरदस्ती करीत नाही. पण असा अर्ज करता येतो, एवढे मुलाच्या कानावर गेले, तरी काही घरांत ताट वेळेवर येऊ लागते.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. ज्याला कोणाचाच आधार नाही, त्याने श्रावणबाळ योजनेची चौकशी तहसील कचेरीत करावी. तिची रक्कम २०२३ साली महिन्याला १००० रुपयांवरून १५०० रुपये झाली. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा, नाहीतर पैसे अडकतात. ७० वर्षे पुरी झालेल्या सर्वांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत इस्पितळातल्या उपचारांची सोय झाली आहे. त्यासाठी गरीब असण्याची अट नाही, पण कार्ड काढावे लागते. एसटीचा पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे, तो बहुतेकांना ठाऊक झाला आहेच. कोणी मारहाण केली, घराबाहेर काढले किंवा नुसता सल्ला हवा असेल, तर १४५६७ या क्रमांकावर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत.

आता वही घ्या. खाली अटीचा नमुना दिला आहे. तो वाचा आणि मोकळ्या जागी नाव घालून वहीत उतरवून काढा. खरा दस्त करताना ती वही दस्तलेखकाला किंवा वकिलाला दाखवा. जमिनीचा गट नंबर आणि बाकीचा मजकूर ते घालतील.

"ही जमीन मी माझा मुलगा ............ यास अशा अटीवर देत आहे, की त्याने मी हयात असेपर्यंत माझे अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी यांची सोय करावी. त्याने ही अट पाळली नाही, तर हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क मला राहील."