नवतप्यात उघडी पडणारी बाग

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि विदर्भात नवतपा लागतो. प्राणहिता आणि गोदावरीचा संगम जवळ असूनही सिरोंच्यात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बाग कशी लावली आहे, ते या नऊ दिवसांत उघडे पडते. मोबाईलच्या रीलमध्ये दिसणारी बाग मात्र बहुधा पुण्या-बेंगळुरूच्या हिवाळ्यातली असते. फॅशनला माझी हरकत नाही. दुसऱ्या गावचा ऋतू आपल्या अंगणात लावला जातो, हे माझे गाऱ्हाणे आहे.

सगळ्यात महाग हौस म्हणजे लॉन. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात हिरवळीतून रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला, म्हणजे सुमारे नऊ चौरस मीटरला, दिवसाला साठ-सत्तर लिटर लागतात. तेवढ्यात लिंबू, कढीपत्ता, मुनगा आणि अंबाडीचा वाफा (पलीकडच्या तीरावरचे तेलुगू शेजारी तिला गोंगुरा म्हणतात) आरामात जगतो, शिवाय ताटात काहीतरी पडते. पाणी वाचवायला प्लास्टिकचे गवत अंथरावे म्हणाल, तर ते उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. पांढरे गोटेही दिवसभर ऊन झाडावर परतवतात. कॅक्टसच्या जातीच्या मांसल झाडांचा हिशेब आणखी वेगळा. ती दिवसा अंगावरची छिद्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रही तापलेली, आणि पुढे पावसाळ्यात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. उन्हातून वाचलेले रोप उघड्यावर राहिले, तर जुलैत बुडाशी कुजते.

यावर कोणी विचारेल, मग माणसाने शोभेचे काही लावूच नये का? जरूर लावावे. मोगरा ऐन उन्हाळ्यात फुलतो, बोगनवेलीला कमी पाणीच मानवते, आणि बहावा तर एप्रिल-मेमध्येच पिवळा होतो. ओल टिकवायला मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, असे सांगितले की येणारा आक्षेप मात्र खरा आहे: पालापाचोळ्यात विंचू-साप दडतात, उधई लागते. म्हणून सागाची वाळकी पाने दोन-तीन इंचच पसरावीत, खोडापासून वीतभर अंतर सोडावे, घराच्या भिंतीला आणि उंबऱ्याला ती लागू देऊ नयेत. विंचवाच्या भीतीने माती उघडी ठेवली, तर सकाळचे पाणी दुपारपर्यंत उडालेले असते. जोडीला बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. ते मुळांजवळ पाझरत राहते, आणि ते बाजारात सहज मिळते.

जंगलाच्या कुशीत राहणाऱ्यांना आणखी एक जबाबदारी आहे. जिला आपण घाणेरी किंवा रायमुनिया म्हणतो ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणूनच आली, आणि आज जंगलात गवताची जागा बळकावून बसली आहे. निळ्या फुलांची जलपर्णीही शोभेपायीच आली. झटपट हिरवे होणारे कोनोकार्पस शहरांनी हौसेने लावले. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कुंपणाबाहेर आपोआप उगवणारे देखणे परदेशी झाड मला म्हणूनच संशयास्पद वाटते.

खरेदी मृगाचा पाऊस पडल्यावर करावी, एप्रिलमध्ये नाही. आणि नर्सरीत गेल्यावर भाव विचारण्याआधी विचारावे, ‘गेल्या मे महिन्यात हे रोप कुठे होते?’ उत्तर ‘हिरव्या जाळीखाली’ असे आले, तर घरी तशी सावली आहे का ते आधी पाहावे. ‘अजून इथे मे पाहिलाच नाही, परवाच्या गाडीने आले’ असे आले, तर पैसे खिशात ठेवावेत.