विखुरलेल्या कामगारांनी संघटित कसे व्हावे?



आज रविवार, सुट्टीचा दिवस. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही साप्ताहिक सुट्टी १८९० साली मिळाली, पण ती आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र आणले, सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा मालकांनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात शिकवले, की संघटना बांधणे हा कामगारांचा नैसर्गिक हक्क आहे.

मग आज संघटना दुबळ्या का झाल्या? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फसला, पुढे गिरण्याही बंद पडल्या. एका फाटकातून हजारो माणसे आत जात, तिथे सभा भरवणे सोपे होते. आजचा कंत्राटी कामगार त्याच फाटकातून आत जातो, पण त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत असते. तोंड उघडले, तर पुढच्या महिन्यात काम नाही. घरपोच सामान देणाऱ्या तरुणाला तर आपला मालक कोण हेच दिसत नाही. त्याला फक्त मोबाईल दिसतो.

कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एका ठिकाणी अनेक संघटना असतील, तर ५१ टक्के कामगार ज्या संघटनेबरोबर असतील तिलाच वाटाघाटीचा अधिकार मिळतो. संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत बंधनकारक झाली आहे. म्हणजे फुटीची किंमत आता जास्त मोजावी लागेल.

तरीही वाट आहे, आणि ती आपल्याच राज्यात सापडली होती. हमालाचा मालक रोज बदलतो. अण्णासाहेब पाटील यांनी अशा कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार देते. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही घरी व रस्त्यावर राबणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारली. मालकच नाही तर संघटना कसली, असा आक्षेप प्रथम आला. तरीही नोंदणी झाली.

यातून एक धडा मिळतो : उद्याची संघटना कारखान्याच्या फाटकाशी नव्हे, तर व्यवसायाशी आणि वस्तीशी बांधावी लागेल. ती टिकेल सदस्यांच्या वर्गणीवर, चोख हिशेबावर आणि वेळेवर होणाऱ्या निवडणुकांवर. केवळ एका पुढाऱ्याच्या नावावर ती टिकणार नाही.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या मुलाच्या नेमणूकपत्रावर कंपनीचे नाव आहे की ठेकेदाराचे?
२. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना आठवड्याची सुट्टी मिळते का?
३. त्या उद्या संघटनेत गेल्या, तर आपण त्यांना कामावर ठेवू का?