साथीच्या काळातील कर्मचारी : मुलचेरा तालुक्याच्या अनुषंगाने

साथरोगाच्या काळात शासकीय कर्मचाऱ्यांवर येणारा ताण हा कामाच्या वाढीचा परिणाम होय, असे सामान्यतः मानले जाते. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यासारख्या अरण्यव्याप्त तालुक्याचा विचार करता हे उत्तर अपुरे वाटते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे अधिक उपयोगी पडतो. कामाची मागणी मोठी, पण ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा थोडी, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शासकीय कार्यालयांतील उपस्थिती कमी करण्यात आली. परंतु आरोग्यसेविका, ग्रामसेवक, तलाठी व पोलीस यांना ती सवलत लाभणे शक्यच नव्हते. त्याच सुमारास मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेले मजूर जिल्ह्यात परतू लागले. गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. आदेश वरून येई. मात्र ज्याला चौदा दिवस घराबाहेर ठेवायचे, त्याच्या नातलगांचा रोष दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाच सोसावा लागे. नियम बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि नियम तर वारंवार बदलत होते.

भाषेची अडचण वेगळीच. या तालुक्यात मराठीबरोबर गोंडी व तेलुगू बोलली जाते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. मराठी परिपत्रक हाती पडले म्हणजे काम झाले, असे येथे म्हणता येत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न पावसाळ्यात उभा राहिला. गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा. अंगात ताप असलेला माणूस समोर आला की तो हिवताप की कोविड, हे नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही. रक्त तपासावयाचे, घशाचा स्रावही पाठवावयाचा. अहवाल येईपर्यंत रुग्णाला कोठे ठेवावयाचे? नाल्याला पूर असेल तर हा प्रश्न अधिकच बिकट. बाळंतपणे, लसीकरण व हिवतापाची फवारणी ही नेहमीची कामे थांबविता येत नव्हतीच. त्यातच आपल्यामुळे घरच्या म्हाताऱ्यांना बाधा होईल, ही धास्ती.

साथीच्या कामावर असणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य शासनाने मे २०२० मध्ये ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर केले. ही तरतूद आवश्यकच होती. पण ती मृत्यूनंतरची. रोजच्या धास्तीवर उपाय म्हणजे पुरेसे मास्क, बदली माणूस आणि हक्काची विश्रांती.

आशा स्वयंसेविकांची स्थिती आणखी निराळी. काम शासनाचे, परंतु त्या शासकीय कर्मचारी नव्हेत. त्यांना मिळते ते मानधन. घरोघरच्या सर्वेक्षणाचा भार मुख्यतः त्यांच्यावरच होता. १५ जून २०२१ पासून राज्यभरातील आशांनी संप केला. त्यानंतर १ जुलैपासून मानधनात १,००० रुपयांची वाढ व ५०० रुपयांचा कोविड भत्ता देण्याचे ठरले.