द्वारपंच

स्वित्झर्लंडमधील उंच डोंगरात म्यूरेन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावापुढे खोल दरी आणि दरीपलीकडे आयगर, मंख व युंगफ्राऊ ही तीन हिमशिखरे. ह्या गावाजवळच्या उतारावर १९२२ साली आर्नल्ड लन ह्या इंग्रज गृहस्थाने निशाणांच्या जोड्या रोवल्या आणि एक नवी शर्यत भरविली. लन ह्यांचा जन्म १८८८ साली आपल्या देशात, मद्रास शहरी झाला होता. पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा स्कीचा खेळ तेथे आधीपासून चाले. पण वळणांच्या शर्यतीत कोण किती डौलाने वळला, ह्याला फार महत्त्व असे. लन ह्यांना ते रुचेना. सर्व जोड्यांमधून क्रमाने जाऊन जो सर्वांत कमी वेळात खाली पोचेल, तो पहिला, असा साधा नियम त्यांनी केला. ह्या शर्यतीला स्लालम म्हणतात. हा शब्द नॉर्वेजियन भाषेतला आहे.

डौल गेला आणि घड्याळ आले. परंतु घड्याळाला डोळे नसतात. खेळाडू केव्हा निघाला व केव्हा पोचला, हे ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगते. वाटेत त्याने एखादे द्वार चुकविले काय, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी कोणीतरी माणूस त्या उतारावर, त्या थंडीत, उभा असावा लागतो. तो द्वारपंच होय.

जगप्रसिद्ध खेळाडूंच्या शर्यती आपण चित्रपटावर पाहतो. पण आल्प्सच्या खेड्यांत, नॉर्वे-स्वीडनमध्ये, कॅनडा व अमेरिकेत दर हिवाळ्यात ज्या असंख्य शर्यती होतात, त्यांपैकी बहुतेक हौशी खेळाडूंच्या व लहान मुलांच्या असतात. तेथील पंचांना वेतन नसते. दुपारी गरम रस्सा व पाव मिळाला, की त्यांचे भागते. मुलांच्या शर्यतीत तर बहुतेक पंच कोणाचे तरी आईबाप असतात.

समजा, अशाच एका मंडळात एका बाईंची मुलगी दाखल झाली. बाई कचेरीत काम करणाऱ्या. शर्यतीचा त्यांना गंधही नव्हता. हिवाळ्याच्या आरंभी मंडळाने पंचांसाठी एक दिवसाचा वर्ग घेतला, त्यास त्या गेल्या. तेथे फळ्यावर आकृत्या काढून नियम शिकविण्यात आले. दोन्ही फळ्यांची टोके आणि दोन्ही पावले द्वाराची रेषा ओलांडून गेली पाहिजेत, हा मुख्य नियम. खांबाला धक्का लागला किंवा तो आडवा झाला, तर तो दोष नव्हे. आजकालच्या खांबांना बुडाशी बिजागरीसारखी सोय असते. ते लवतात आणि पुन्हा उभे राहतात. तेव्हा खांबाकडे न पाहता पावलांकडे पाहावयाचे. हे ऐकावयास सोपे वाटते, पण प्रत्यक्षात नजर त्या हलणाऱ्या लाल-निळ्या खांबाकडेच धावते! ती आवरण्यासच सराव लागतो. एक फळी खांबाच्या अलीकडून आणि दुसरी पलीकडून गेली, तर तो दोष. आणि हाच दोष ओळखण्यास सर्वांत कठीण.

पहिल्या शर्यतीत बाई एका जुन्या पंचाशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या शर्यतीत त्यांना स्वतंत्रपणे चार द्वारे मिळाली. सकाळी पंचप्रमुखाने प्रत्येकास एक पत्रक व शिसपेन्सिल दिली. कडक थंडीत शाई गोठते, म्हणून पेन्सिल. खेळाडूने दोष केला, तर त्याचा क्रमांक व द्वाराचा क्रमांक लिहावयाचा, आणि शेजारी फळ्या कोठून गेल्या त्याची आकृती काढावयाची. शिवाय उखडलेला खांब पुन्हा लावणे, खड्डे पायांनी बुजविणे, वाटेत कोणास येऊ न देणे, हीही त्यांचीच कामे. गोंधळलेल्या खेळाडूने विचारले, तर पंचाने मोठ्याने “गो!” म्हणावयाचे, म्हणजे दोष नाही, जा, किंवा “बॅक!”, म्हणजे मागे फीर. स्लालममध्ये खेळाडूस पुन्हा वर चढून चुकलेले द्वार पार करता येते. ह्याखेरीज पंचाने कोणास मदत करावयाची नाही.

अर्ध्या-एका मिनिटाच्या अंतराने मुले येऊ लागली. सातव्या क्रमांकाचा मुलगा वळताना बर्फाचा असा फवारा उडाला, की बाईंना काहीच दिसले नाही. खांब विचित्र हलला होता. दोष झाला असावा, असे त्यांना वाटले. पण पंचाची खात्री झाली असेल तरच दोष नोंदवावयाचा, असा नियम आहे. त्यांनी पत्रकावर काही लिहिले नाही.

एकोणिसाव्या क्रमांकाची मुलगी आली, ती त्यांच्याच मंडळाची, आणि त्यांच्या मुलीची मैत्रीण होती. ती फारच वेगात होती. दुसऱ्या द्वाराशी तिची आतली फळी खांबाच्या भलत्या बाजूने गेली. ह्या वेळी फवारा नव्हता. सारे स्वच्छ दिसले. मुलगी न थांबता पुढे निघून गेली, आणि थोड्याच वेळात खालून टाळ्यांचा गजर ऐकू आला. तिचाच वेळ सर्वांत कमी होता.

बाईंनी वर पाहिले, खाली पाहिले. दुसऱ्या कोणीही हे पाहिलेले नव्हते. लिहिले नसते, तर कोणास कळलेही नसते. पुढचा खेळाडू येईपर्यंत अवघी काही सेकंदे होती. त्यांनी हातमोजा काढला. १९, द्वार २, असे लिहिले आणि आकृती काढली.

फेरी संपल्यावर बाद खेळाडूंची यादी लागली. यादी लागल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत तक्रार करता येते, तशी त्या मुलीच्या प्रशिक्षकाने केली. पंचमंडळाने बाईंना बोलाविले. त्या कोठे उभ्या होत्या, मध्ये काही आड आले होते काय, कोणती फळी कोणत्या बाजूने गेली, असे प्रश्न झाले. बाईंचा आवाज किंचित कापत होता, पण उत्तरे आकृतीशी तंतोतंत जुळली. तक्रार फेटाळण्यात आली. सातव्या क्रमांकाविषयी कोणी काही विचारले नाही. बाईंच्या मनातून मात्र तो मुलगा दिवसभर गेला नाही.

तिसऱ्या प्रहरी खांब काढण्याचे काम उरले. खांब पेचाने बर्फात बसविलेले असतात. ते फिरवून सोडवावे लागतात, आणि मग त्यांच्या मोळ्या खांद्यावर घेऊन खाली आणावे लागतात. पंच, पालक व मुले, सर्वच ह्या कामास लागली. बाई दुसऱ्या द्वाराचा खांब फिरवीत होत्या. तो गच्च बसला होता. तेवढ्यात एकोणिसाव्या क्रमांकाची मुलगी जवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिने काही न बोलता खांबाचे दुसरे टोक धरले.