पाषाणाची साक्ष

चेन्नईच्या दक्षिण भागातील पेरुंगुडी हे पळ्ळिकरणै पाणथळीच्या काठी वसले आहे. त्याच्या पश्चिमेस परंगीमलै व पल्लावरम येथील टेकड्या लागतात. त्यांचा काळसर पाषाण म्हणजे चार्नोकाइट. कोलकात्यातील जॉब चार्नोकच्या थडग्यावरील शिळा याच जातीची, तीवरून टी. एच. हॉलंड यांनी १८९३ मध्ये त्यास हे नाव दिले. हा पाषाण सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी पृथ्वीवर सूक्ष्मजीव होते, तरीही त्यात जीवाश्म शोधणे व्यर्थ होय. भूकवचात खोलवर, सातशे अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत तो घडला. सजीवांची नाजूक खूण अशा भट्टीत टिकत नाही.

खरा पेच पडतो तो अर्धवट भाजलेल्या खडकांपाशी. ग्रीनलंडमधील इसुआ येथे ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात एक ते चार सेंटिमीटर उंचीचे शंकू आढळले. सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेले हे स्ट्रोमॅटोलाइट होत, असे अॅलन नटमन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रतिपादन केले. अॅबिगेल ऑलवुड यांच्या गटाने २०१८ मध्ये तेच उंचवटे दुसऱ्या बाजूनेही तपासले. तेव्हा ते शंकू नसून लांबट वरंबे दिसले. आत थरांची रचनाही आढळेना. खडक दाबला गेल्याने ते उद्भवले, असा त्यांचा निष्कर्ष. नटमन गटाने २०१९ मध्ये आपला पक्ष पुन्हा मांडला. ऑस्ट्रेलियातील स्ट्रेली पूलचे ३४३ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट मात्र बहुतेकांस मान्य आहेत. तेथील खडक त्या मानाने कमी तापला व कमी पिळवटला गेला होता.